कप्तानचे दहा दिवस

शनिवार, ९ डिसेंबर १९७८

रोझलिनच्या आईस,

हे पत्र फ्लॉसीच्या फुलांच्या टोपलीतून येईल. ओलं झालं असेल तर वाळवून वाचावं. टपालाला दोन दिवस लागतात आणि आपल्याकडे दिवस मोजून दहा, म्हणून हा उद्योग. फ्लॉसी रोज पहिल्या गाडीने वांद्र्याच्या बाजाराला जाते, तुझ्या भावाच्या दारावरूनच. उत्तर तिच्याच हाती दे. तिला काही विचारू मात्र नको, ती एकाचे तीन करून सांगते.

बेटीबाई, तुम्ही शाळेत शिकवता, माझं अक्षर तुम्हाला लागेल. नणंदेला वाचून दाखवताना मोठ्याने वाचा, डाव्या कानाने हिला कमी ऐकू येतं. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे, चुका काढत बसू नका.

काल तू भावाबरोबर, ॲन्सेल्मबरोबर, निघून गेलीस. मी दारात उभा होतो, तू बाजूने गेलीस. तुझा भाऊ म्हणाला, "भावोजी, कुत्री सांभाळा." ही काय बोलायची वेळ होती? कप्तान चावला तेव्हा मनगटावर पट्टी मी बांधली, साबणाने जखम मी धुतली, रिक्षा नव्हती तर टांगा मी आणला, आणि शहाणपण त्याने शिकवायचं.

डॉक्टर काय म्हणाले ते तू ऐकलं नसशील, तू भिंतीकडे बघत होतीस. म्हणून पुन्हा लिहितो. कुत्र्याला मारायचं नाही. दहा दिवस नजरेसमोर ठेवायचं. दहाव्या दिवशी तो खात-पीत असला तर तुला काही भीती नाही. मेला, पिसाळला किंवा हरवला, तर त्याच दिवसापासून पोटात चौदा इंजेक्शनं. तुला सुईची किती भीती ते मला ठाऊक आहे. रोझलिनच्या वेळी तू नर्सचा हात धरून ठेवला होतास. तर मी कप्तानला दहा दिवस जिवंत ठेवतो आणि रोज खबर पाठवतो. दहावा दिवस सोमवारी, १८ तारखेला. मग नाताळला तू घरी.

आजची खबर : सकाळी अर्धी भाकरी खाल्ली. पाणी प्यायला. जोडीच्या बिजलीच्या अंगावर गुरगुरला, पण ते तो नेहमीच करतो.

डॉक्टरांकडून निघताना तू माझ्याकडे असं बघत होतीस जसं काही मीच चावलो. त्याच्या मानेला वाडीच्या कुंपणाची तार लागली होती, हे मी त्यांना सांगितलं. तुलाही सांगितलं होतं. पट्टा काढून जखम धुवायला जा असं मी म्हटलं नव्हतं. दुखऱ्या जागी हात लावला तर माणूससुद्धा ओरडतो.

आता त्रास वेगळाच आहे. दुपारी आलोशियस गावातल्या दोघातिघांना घेऊन अंगणात आला. हातात बांबू.

"बस्त्याव, कुत्रा बाहेर काढ."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? चावलेला कुत्रा जगला तर विष चढत जातं. तो मेला की उतरतं. माझ्या मावशीच्या वेळी असंच केलं होतं."

"तुझी मावशी वाचली का?"

"ती वेगळ्या कारणाने गेली."

डॉक्टरांनी काय सांगितलं ते मी चारदा सांगितलं. आलोशियस म्हणाला, "डॉक्टरला या गावात पोरं आहेत का?" त्याचंही खोटं नाही, पोरं अंगणातून शाळेत जातात. पण कप्तान मेला तर तुझं काय ते कोण सांगणार? मी दारात पाट टाकून बसलो. शेवटी ते गेले, पण परत येतील. उद्या काहीतरी करतो.

बस्त्याव


रविवार, १० डिसेंबर

रोझलिनच्या आईस,

आज पन्नास वर्षांत पहिल्यांदा चर्चमधला रविवारचा मिस्सा चुकला. त्याचा दोष कोणाला द्यायचा ते देव ठरवील.

उजाडायच्या आत जयरामची बैलगाडी आली. तोच जयराम, वालीवच्या पुढचा, ज्याच्याकडून आपण शेणखत घेतो. दोन्ही कुत्री गवताच्या भाऱ्यांमध्ये बसवली, वर गोणपाट टाकलं आणि रेल्वेचं फाटक ओलांडून या बाजूला आलो. वालीवला आता पत्र्याच्या शेडी उभ्या राहतायत, यंत्रं धडधडतायत. त्याच्याही पुढे जयरामचं शेत, आणि शेतापलीकडे तुंगारेश्वरचं रान. शेताच्या टोकाला त्याची खोपटी आहे, गुरांच्या राखणीची. तिथे मी, कप्तान आणि बिजली. बिजलीला घरी ठेवली असती, पण तिच्याशिवाय तो जेवत नाही.

जयराम म्हणाला, "बस्त्यावदादा, हितं कोन येनार हाय? कोल्हं आनि मी." मग मी त्याच्याकडे असं बघितलं की तो बैल सोडायला गेला.

गोठ्यातल्या बैलाचं काथ्याचं मुसकं कप्तानच्या तोंडाला बांधलं. मोठं होतं, दोरीने आवळलं. तो दिवसभर पंजाने ते ओढत होता. खोपटीत बांधून ठेवला तर ओरडून रान डोक्यावर घेतो, म्हणून सकाळी दोघांना दोरीला बांधून रानातल्या रस्त्याने घेऊन गेलो. देवळाकडे जाणारा रस्ता. सोमवार सोडला तर तिथे चिटपाखरू नसतं. थंडी अशी की कानाला मफलर गुंडाळावा लागला. सागाची पानं वाळून रस्त्यावर पडलीत, पाय टाकला की मोठा आवाज होतो. कप्तान पुढे, बिजली मागे, मी मध्ये ताणलेला. दोन्ही दोऱ्या एकाच वेळी दोन बाजूंना. माझं वय सदुसष्ट. हे मी मौज म्हणून करत नाहीये, हे लक्षात ठेव.

खबर : एक भाकरी, थोडं दूध. पाणी प्यायला. शेपूट हलवली.

पत्र जयराम दुधाबरोबर स्टेशनवर नेईल आणि फ्लॉसीला देईल. बेटीबाईंनी कालच्या पत्राला उत्तर दिलं नाही. फ्लॉसीने जयरामबरोबर सांगून पाठवलं, "काका, दिलं नाही तर मी काय करू, बनवून आणू?" तिची जीभ तुला माहीत आहेच.

बस्त्याव


मंगळवार, १२ डिसेंबर

रोझलिनच्या आईस,

उत्तर मिळालं. दोन ओळी! मी तीन पानं लिहितो, मांडीवर पाटी घेऊन, चिमणीच्या उजेडात, डोळ्यांना पाणी येईपर्यंत. तिकडून दोन ओळी. "ताईंची तब्येत बरी आहे. कुत्र्याची खबर कळवत राहा. ताई विचारतात, तार कुठल्या बाजूची?"

तार कुठल्या बाजूची याला काय अर्थ आहे? वाडीला चार बाजू आहेत. विहिरीकडची. झालं समाधान? ताप आहे का, मनगट सुजलं का, ॲन्सेल्मच्या त्या लहानशा खोलीत तुला झोप लागते का, यातलं काही नाही. तार कुठल्या बाजूची! बेटीबाई, तुम्ही मुलांना निबंध शिकवता ना, मग थोडं सविस्तर लिहा.

इथे सगळ्याचा वैताग आहे. रॉकेल संपत आलंय. मुसकं रोज सैल होतं. जयरामची बायको हंसा जेवण पाठवते, पण खोपटीच्या दहा पावलं अलीकडेच ठेवून पळते. तिला मी म्हटलं, "अगो, कुत्रा बांधलाय." ती लांबूनच म्हणते, "कुत्र्याला नाय भीत. तुमी सारखं वराडता त्याला भीतं."

मी ओरडतो का? तू सांग.

आज रस्त्यावर ओढ्यापर्यंत गेलो. ओढ्यात घोटाभर पाणी आहे, दगड उघडे पडलेत, काठावर करंजाची सावली आणि खूप गारठा. दव इतकं की धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं. दोन तास चाललो, एक मोळीवाली भेटली, तीही कुत्र्याचं मुसकं बघून रस्ता सोडून गेली. बिजली पानांत तोंड घालत येत होती. कप्तान मात्र सरळ चालत होता, नाक खाली न घालता. पूर्वी त्याला या रस्त्याने आणला की प्रत्येक झुडपाशी थांबायचा. तू विचारशील पूर्वी म्हणजे कधी. रोझलिन आजारी पडायच्या आधी. तेव्हा मी शिकारीला यायचो, तुला माहीत आहे. लपवण्यासारखं काही नाही.

खबर : अर्धी भाकरी. पाणी प्यायला. चार दिवस झाले, सहा राहिले.

आलोशियस माझ्या मागे वाडीत येऊन गेला असं फ्लॉसीने सांगितलं. रिकामं कुत्र्याचं खोपटं बघून म्हणाला म्हणे, "म्हातारा कुत्रा घेऊन पळाला, बायकोला सोडून." बायको मला सोडून गेली हे त्याला कोणी सांगावं!

हे वाक्य वाचू नका, बेटीबाई. वाचलं असेल तर असू दे.

बस्त्याव


गुरुवार, १४ डिसेंबर

रोझलिनच्या आईस,

सगळं ठीक आहे. कप्तानने आज दीड भाकरी खाल्ली. वर अंडं. पाणी भरपूर प्यायला. अगदी मजेत आहे. जयरामसुद्धा म्हणाला की कुत्र्याला काही झालेलं नाही. आज सहावा दिवस.

थंडी वाढली आहे. तू शाल नेली नाहीस, बेटीबाईंकडून घे.

काल पत्र पाठवता आलं नाही कारण शाई संपली होती.

बस्त्याव


शुक्रवार, १५ डिसेंबर

मटिल्डा,

बेटीबाई, आधी हे पत्र बाजूला ठेवा आणि हिला घेऊन इस्पितळात जा. आज. शाळेला सुट्टी टाका. पहिली सुई आजच लागली पाहिजे. मग येऊन बाकीचं वाचा.

कप्तान हरवला. काल नाही, परवा. बुधवारी सकाळी ओढ्यापाशी दोरी सुटली आणि तो रानात गेला. मी दुपारपर्यंत हाका मारल्या. जयराम आला, आम्ही देवळापर्यंत जाऊन आलो, खाली पेल्हारच्या बाजूला उतरून आलो. काल पुन्हा गेलो. नाही. दीड भाकरी आणि अंडं बिजलीने खाल्लं. शाई संपली नव्हती.

काल मी लिहिलं ते का लिहिलं ते मलाच कळत नाही. वाटलं, संध्याकाळपर्यंत सापडेल. सापडला की एक दिवस इकडेतिकडे, कोणाला कळणार? तू सुयांना घाबरतेस. चौदा सुया म्हणजे काय ते डॉक्टर हाताने दाखवत होते, एवढी लांब. मग जयरामच्या ओट्यावर बसलो होतो आणि तो म्हणाला, "दादा, वहिनीला कळवलं ना?" मी हो म्हटलं. तो उठून गेला. नंतर परत आला आनि— बघ, त्याच्यासारखं लिहायला लागलो— परत आला आणि म्हणाला, "कोल्ह्याचं बी कळवलं ना?"

तर कोल्ह्याचं.

तार नव्हती. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी मी पेल्हारला खत बघायला जातो म्हणून गेलो ना, तेव्हा मी जयरामबरोबर शिकारीला आलो होतो, याच रस्त्याने. ठासणीची बंदूक त्याची, कुत्री माझी. पहाटे ओढ्याच्या अलीकडे रस्त्याच्या मधोमध एक कोल्हा उभा होता. माणसं बघून कोल्हा पळतो. हा पळाला नाही. डोकं वाकडं करून उभा राहिला. मग सरळ कप्तानच्या अंगावर आला आणि मानेला धरला. जयरामने बंदुकीच्या दस्त्याने मारला तेव्हा सुटला. बिजली मागे होती, ती वाचली. आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. जयराम तेव्हाच म्हणाला की हे लक्षण बरं नाही. मी म्हटलं, भुकेला असेल.

जखमेवर हळद लावली आणि पट्टा वर सरकवून बांधला, की तुला दिसू नये. ती तू पट्टा काढून बघितलीस.

त्या दिवशी रानडुक्कर मिळालं. शिकारीत एक वाटा बंदुकीचा आणि एक कुत्र्यांचा असतो. कुत्र्यांचा वाटा मी आणला. त्या रविवारी तू बोकडाचं म्हणून रांधलंस ते तेच. रोझलिनला टायफॉइड झाला तेव्हा मी मारिया माऊलीपुढे शपथ घेतली होती की पोरगी वाचली तर पुन्हा शिकार करणार नाही. तू माझ्या शेजारी गुडघ्यावर होतीस. चार वर्षं पाळली. या हिवाळ्यात नाही राहवलं. जयरामने विचारलं आणि मी हो म्हटलं, एवढंच आहे. मोठं कारण काही नाही.

डॉक्टरांना कोल्हा सांगितला असता तर त्यांनी त्याच दिवशी सुई दिली असती. तू शेजारीच बसली होतीस. तुझ्यासमोर कसं सांगणार?

आता माझ्यावर चिडायचं ते चिड, पण आधी जा.

बस्त्याव


शनिवार, १६ डिसेंबर

रोझलिनच्या आईस,

तुझं उत्तर फ्लॉसीने दिलं. या वेळी दोन ओळी नव्हत्या. मी ते तीनदा वाचलं, मग जयरामला वाचून दाखवलं, मग त्याच्यावरच ओरडलो, कारण तो हसायला लागला.

म्हणजे ९ तारखेलाच तू पहिली सुई घेतलीस. मी पहिलं पत्र लिहीत होतो, पाटावर बसून बांबूवाल्यांना अडवत होतो, तेव्हा तू इस्पितळाच्या रांगेत होतीस. आज आठवी झाली. आणि मला कोणी एका शब्दाने कळवलं नाही!

बेटीबाईंनी तू बोललीस तसंच लिहिलंय, तुझा आवाज ऐकू येत होता. "मानेवर चार भोकं होती. दोन वर, दोन खाली. तारेला दात असतात का? तीस वर्षं कुत्र्यांच्या जखमा धुतेय मी. आणि बोकडाला एवढी चरबी असते का?" पुढे, "शपथ मोडलीस ती तू आणि माऊली बघून घ्या. सुया मात्र मला खाव्या लागतात."

मग सांगितलं का नाहीस? डॉक्टरांसमोर भिंतीकडे का बघत होतीस? म्हणतेस, "तू सांगशील म्हणून वाट बघितली. दवाखान्यात नाही सांगितलंस, वाटलं घरी सांगशील. दारात उभा राहिलास, वाटलं आता सांगशील." म्हणून बाजूने गेलीस. आणि बेटीबाईंनी खाली आपल्या मनाने लिहिलंय की रोज माझं पत्र वाचून संपलं की तू एवढंच म्हणायचीस, "अजून तारच."

मला राग आला आहे. हे लिहून ठेवतो. सदुसष्ट वर्षांच्या माणसाला सात दिवस रानात बसवून कुत्र्याची भाकरी मोजायला लावली. मी रात्र रात्र त्याच्या श्वासावर कान ठेवून बसायचो. तिकडे तुम्ही नणंद-भावजय बसून माझी पत्रं वाचताय आणि मजा बघताय. ॲन्सेल्मही ऐकत असणार. तो हसला का? खरं सांगा. तो हसला असेल तर मला कळलं पाहिजे.

दुपारी शेताच्या बांधावर बसलो होतो. बिजली पायाशी. तिला रानाकडे बघायची सवय लागली आहे. मी गुरुवारचं पत्र डोक्यात पुन्हा म्हणून बघितलं. दीड भाकरी, वर अंडं, अगदी मजेत. तू माझ्यावर विश्वास ठेवणारी बाई असतीस तर ते पत्र ऐकून शांत झोपली असतीस. मला पुढे विचार करवेना. उठून जयरामच्या बैलांना पाणी पाजलं. ते मघाशीच पाजलेलं होतं.

राग अजून आहे. पण आता कोणावर ते नीट सांगता येत नाही.

मनगट बरं आहे का? तेवढं लिही.

बस्त्याव


सोमवार, १८ डिसेंबर

मटिल्डा,

आज दहावा दिवस. सांगायचं ते सांगतो, मग दुसरं एक सांगतो.

काल जयराम आणि मी रानातल्या रस्त्याने देवळाच्याही पुढे गेलो, पाड्यावर. बिजलीला मी बरोबर घेतली होती. ढग होते, ऊन नव्हतं, आमच्या पायांचा तेवढा आवाज. मला वाटत होतं, पाड्यावर कोणी बांधून ठेवला असेल. जयराम वाटेतली झुडपं काठीने बाजूला करून बघत होता, त्यावरून त्याला तसं वाटत नसावं.

पाड्यावर कमळी नावाची बाई अंगणात नाचणी पाखडत होती. जयरामच्या ओळखीची. त्याने विचारलं, "तांबडा कुत्रा आला होता का गं?" तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग बिजलीकडे.

"तुमचा होता?"

मी हो म्हटलं.

"शुक्रवारी सकाळी आला. लडबडत आला. अंगनात पान्याचं मडकं होतं, त्यात तोंड घाली, घशाखाली जाईना. पुना घाली, पुना मागं सरं. तोंडाला फेस. मग दाराच्या चौकटीलाच चावला." तिने चौकट दाखवली. लाकडावर दातांच्या खुणा होत्या. "पोरं आत कोंडली मी. बाप्यांनी काठीने मारला. काय करनार, बाबा. कोनाला चावला नाय, देवाची किरपा."

मी विचारलं, कुठे पुरला. तिने वाट दाखवली, पण मी गेलो नाही. बिजलीला तिकडे न्यायचं नव्हतं. मी कमळीला म्हटलं, "बरं केलंत." ती म्हणाली, "बरं कसलं. चांगला कुत्रा होता, डोळ्यांवरून कळतं." मी तिच्या अंगणात बसलो. तिने पाणी दिलं. प्यायलो. पाणी घशाखाली उतरलं तेव्हा मला काय वाटलं ते लिहीत नाही.

म्हणजे तो पिसाळलेलाच होता. तुला चावला तेव्हा ते त्याच्या अंगात होतं. डॉक्टर म्हणतात, चौदाच्या चौदा पुऱ्या कर, एकही चुकवू नको. मी आज सकाळी वसईला जाऊन त्यांना सगळं सांगितलं, कोल्ह्यापासून. ते माझ्यावर इतके ओरडले की बाहेरची माणसं आत डोकावली. मी ऐकून घेतलं. त्यांचंही बरोबर आहे. बिजलीला जनावरांच्या डॉक्टरकडे नेली. ते म्हणतात, सहा महिने साखळीला बांधून ठेवायची, कोणाला जवळ जाऊ द्यायचं नाही. जयराम ठेवून घेतो म्हणाला. हंसा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तुमच्यापरास कमी वराडते."

आता दुसरं.

बुधवारी ओढ्यापाशी दोरी सुटली असं मी लिहिलं. दोरी सुटली नाही, मी सोडली. मी त्याचं मुसकं काढून त्याला पाण्याशी नेला. तो पाणी पिईना. मंगळवारी संध्याकाळीही प्यायला नव्हता, तुला लिहिलं ते खोटं. मला त्याला प्यायला लावायचंच होतं. तो प्यायला की मी तुला खरं लिहू शकलो असतो, एवढंच डोक्यात होतं. मी त्याची मान धरून तोंड पाण्यात दाबलं. त्याने मान झटकली आणि दात माझ्या उजव्या हाताच्या करंगळीवरून गेला. मोठं नाही, ओरखडा. तेवढ्यात माझ्या हातातून दोरी गेली. ओरखडा होता म्हणून गेली, की मी घाबरलो म्हणून, ते मला सांगता येणार नाही. तो पलीकडच्या काठावर उभा राहून माझ्याकडे बघत होता, मी हाक मारली नाही. मग तो गेला. हाका नंतर मारल्या.

जयरामला मी करवंदीचा काटा लागला म्हणून सांगितलं. डॉक्टरांना आज खरं सांगितलं. म्हणूनच ते एवढे ओरडले. ते म्हणाले, पाच दिवस फुकट घालवलेत, आता एक तास घालवू नका. चौदा, पोटात. वसईला औषध नाही, वांद्र्यालाच यावं लागेल, रोज. म्हणजे १ जानेवारीपर्यंत.

म्हणजे नाताळ तुझ्या भावाच्या घरी. तिथे बसायला एकच आरामखुर्ची आहे आणि त्यात तोच बसतो. मी काही बोलणार नाही. ॲन्सेल्मला म्हणावं स्टेशनवर येऊ नको, मला रस्ता माहीत आहे. तो आलाच तर निदान कुत्र्याचं काही बोलू नको म्हणावं. वाडीला पाणी द्यायला शेजारच्या रॉबर्टला सांगितलंय, तो आठवण झाली तर देईल. केळीचे दोन घड उतरवायला आलेत, त्यांचं काय होईल देव जाणे. कपडे काय आणू ते कळत नाही, तुझी लोकरीची शाल आणतो.

हे पत्रही फ्लॉसी आणील आणि त्याच गाडीने मीही येईन. ती म्हणाली, "मग पत्र कशाला, काका? तोंडाने सांगा." मी म्हटलं, "तू फुलं बघ." तोंडाने सांगायचं काय होतं ते तू बघितलंयस.

तू घरी माझी वाट न बघता सरळ इस्पितळात ये, मी तिथेच येतो. खिडकीशी जास्त गर्दी असते असं बेटीबाईंनी लिहिलं होतं, तर माझ्यासाठी रांगेत जागा धर. तुझी अकरावी आणि माझी पहिली. बोलावतील तेव्हा आधी तू जा. किती दुखतं ते मला बाहेर आल्यावर सांग, आणि खरं सांग.

बस्त्याव